जात तिकडची, शाळा इकडची, मग पोरगी कुणाची?

परवा बसस्टँडसमोरच्या सभेत एका पुढाऱ्याने माईक हातात घेऊन सांगितलं, "बाहेरून आलेल्यांची पोरं आपल्या पोरांच्या मेडिकलच्या सीटा खायला लागलीत." टाळ्या पडल्या. मी समोरच उभा होतो, बातमी घ्यायला. बातमी दिली, चार कॉलम लागली. त्या चार कॉलमांत जे बसलं नाही ते इथे लिहितोय. पोस्ट मोठी आहे. शिव्या द्यायच्या असतील तर जरूर द्या, पण आधी पूर्ण वाचा.

आमच्या गावात (नांदेड-लातूरच्या पट्ट्यातलं कुठलंही गाव समजा) एक मुलगी आहे. नाव लिहीत नाही. आईबाप तेलंगणातल्या महबूबनगर जिल्ह्यातले. तिकडची माणसं मातीकामाला, धरणाच्या, कालव्याच्या, रस्त्याच्या कामाला देशभर जातात. हे दोघे पंचवीसेक वर्षांपूर्वी मुकादमाबरोबर इकडे आले आणि काम संपल्यावर इथेच राहिले. बाप आता फरशी बसवतो. निम्म्या गावाच्या स्वयंपाकघरातली फरशी त्याच्या हातची आहे, माझ्याही. मुलगी इथल्याच सरकारी दवाखान्यात जन्मली, जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत शिकली, दहावी-बारावी इथेच केली. तिचं मराठी त्या पुढाऱ्याच्या भाषणापेक्षा शुद्ध आहे, हे मी दोन्ही ऐकून सांगतोय.

तिला डॉक्टर व्हायचंय. तेही नुसतं डॉक्टर नाही, "लहान बाळांचं, एकदम नुकत्या जन्मलेल्यांचं." कारण विचारलं तर ती भावाकडे बोट दाखवते.

ती नऊ वर्षांची असताना आईला सातव्या महिन्यातच कळा आल्या. पोरगं तेराशे ग्रॅमचंही नव्हतं. जिल्ह्याच्या ठिकाणी नेलं, बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं. आईला तेव्हा मराठी धड येत नव्हतं आणि बाप कामावर. आत काय चाललंय ते आईला सांगणार कोण? नियमाप्रमाणे लहान मुलांना तिथे सोडत नाहीत. पण सिस्टरने दोन दिवस बघितलं, मग या पोरीला हात धुवायला लावून दाराशी उभं केलं. दूध पिळून वाटीत आणायचं, चमच्याने किती पाजायचं, बाळाला छातीशी उघड्या अंगाला लावून किती तास धरायचं, हे सगळं सिस्टर मराठीत सांगायची आणि ही तेलुगूत आईला. एकदा सिस्टर म्हणाली, "बाळ श्वास घ्यायला विसरतंय. तसं झालं की तळपायाला टिचकी मारायची आणि मला हाक मारायची." ही म्हणते, "सर, त्या वाक्याचं तेलुगू करताना मला रडू आलं. पण सांगितलं." रोजचं वजन तिला आजही ग्रॅममध्ये पाठ आहे. भाऊ आता चौथीत आहे आणि भयंकर वांड आहे.

हे सविस्तर लिहिलं कारण नवजात बाळाचा इलाज म्हणजे नुसतं मशीन नव्हे. कमी वजनाच्या बाळाला जन्मल्याबरोबर आईच्या छातीशी धरलं तर मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी होतात, हे आफ्रिकेतल्या चार देशांत आणि आपल्या दिल्लीच्या सफदरजंग रुग्णालयात झालेल्या अभ्यासात दिसलं. तो 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. म्हणजे आईला समजावून सांगता आलं पाहिजे. आमच्या सीमाभागातल्या वॉर्डात आया तेलुगू बोलणाऱ्या असतात, कानडी असतात, गोरमाटी असतात. ही पोरगी त्यातल्या दोन भाषा आधीच घेऊन बसली आहे.

गरज किती आहे? भारतात 2020 च्या सरकारी नमुना नोंदणीनुसार हजार जन्मांमागे 20 बाळं पहिल्या महिन्यातच जातात. महाराष्ट्रात 11. आपला आकडा बरा, पण तो सगळ्या राज्याचा मिळून आहे. ऑक्टोबर 2023 च्या सुरुवातीला नांदेडच्या शासकीय रुग्णालयात एका दिवसात 24 रुग्ण दगावले, त्यात 12 नवजात होती. तेव्हा काय झालं आठवतं? एका खासदाराने डीनच्या हातात ब्रश देऊन संडास साफ करायला लावला. कॅमेरे होतेच. माणसं किती कमी आहेत, किती बाळांमागे किती सिस्टर, हा विषय आठ दिवसांत संपला.

आता तिच्या कागदांची गोष्ट.

ती अनुसूचित जातीची. जातीचं नाव तेलंगणाच्या यादीत आहे, महाराष्ट्राच्याही यादीत आहे. पण सेतू केंद्रावर अर्ज केला तर उत्तर आलं, 10 ऑगस्ट 1950 च्या आधी कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं याचा पुरावा आणा. तो कुठून आणणार? म्हणून केंद्राच्या 15 टक्के जागांत ती मागास आणि राज्याच्या 85 टक्क्यांत ती खुल्या गटातली. सकाळी एका फॉर्मवर दलित, दुपारी दुसऱ्या फॉर्मवर ओपन! केंद्राच्या यादीत ती थोडक्यात हुकली. राज्याच्या एससी यादीत तिच्यापेक्षा कमी मार्कांवर प्रवेश झाले.

मग तेलंगणात जा म्हणाल. तिथे जात चालते, पण शाळा चालत नाही. तिथल्या नियमाप्रमाणे 'स्थानिक' ठरायला बारावीपर्यंतची सलग चार वर्षं तिथे शिकलेलं असावं लागतं, आणि सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 2025 मध्ये तो नियम वैध ठरवला. इकडे शाळा चालते तर जात चालत नाही.

यातली खरी मेख पुढे आहे. तेलंगणाच्या त्याच नियमात सरकारी नोकर, सनदी अधिकारी, सैनिक यांची बाहेर शिकलेली मुलं सवलतीत बसतात. आपल्याकडेही बदलीच्या नोकरीवाल्यांच्या मुलांना दहावी-बारावीच्या अटीत सूट असतेच. असावी. माझं त्यांच्याशी भांडण नाही. पण साहेबाची बदली सरकारला समजते आणि मजुराचं पोटासाठी गाव सोडणं समजत नाही, हा कुठला न्याय? साहेबाला बदलीचा भत्ता मिळतो, क्वार्टर मिळतं आणि वर मुलांना सवलत. मजुराला मुकादमाची उचल मिळते.

आणखी एक गंमत. 10 ऑगस्ट 1950 ला आमचं गाव महाराष्ट्रात कुठे होतं? महाराष्ट्र राज्यच नव्हतं. नांदेड, लातूर आणि महबूबनगर तिन्ही हैदराबाद राज्यात होते. म्हणजे त्या तारखेला माझा आजोबा आणि तिचा आजोबा एकाच राज्याचे रहिवासी. 1956 ला रेघ ओढली गेली. रेघ ओढताना त्या माणसाला कुणी विचारलं नव्हतं, आणि आज त्याच्या नातीकडे पुरावा मागतात.

दुसरी बाजूही मांडतो, नाहीतर कॉमेंटमध्ये तुम्ही मांडालच. हा प्रश्न 1990 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढे गेला होता. आंध्रातून लहानपणी मुंबईत आलेला, वडील सरकारी खत कंपनीत, आणि मुलाला एमबीबीएसला आदिवासी कोट्यातून प्रवेश हवा होता. मर्री चंद्रशेखर राव खटला. न्यायालयाने नाही म्हटलं. कारण असं, की मागासपण त्या त्या राज्यातल्या परिस्थितीवरून ठरतं, आणि बाहेरून आलेल्यांनी स्थानिक दुबळ्यांची जागा घेऊ नये. हा मुद्दा फालतू नाही. आमच्या मातंग वस्तीतल्या पोराचा घास काढून हिला द्या, असं मी म्हणणार नाही. पण संसदेने यावर कायद्याचा विचार करावा, असंही त्याच निकालात म्हटलंय. पस्तीस वर्षं झाली. केलाय कुणी विचार?

माझं म्हणणं साधं आहे. इथे जन्मलेल्या, दहावी-बारावी इथे केलेल्या अशा मुलांसाठी स्थानिक कोट्याला हात न लावता मूठभर जास्तीच्या जागा काढा. तेही जमत नसेल तर उत्पन्न बघून फी तरी माफ करा. ते राज्याच्या हातात आहे, त्याला दिल्ली लागत नाही.

2017 ला लिओ वराडकर आयर्लंडचे पंतप्रधान झाले तेव्हा मालवण तालुक्यातल्या वराड गावात आनंदीआनंद झाला. मीही "मराठी मातीचा सुपुत्र" असा मथळा दिला होता. वडील इथून गेलेले डॉक्टर, मुलगा डब्लिनला जन्मला, तिथेच मेडिकल शिकला, डॉक्टर झाला, मग सरकारप्रमुख. तिथे जातीचा दाखला नाही, तुलना तंतोतंत नाही, मान्य. पण आपलं पोरगं तिकडे 'त्यांचं' झालं की आपल्याला अभिमान, आणि दुसऱ्याचं इकडे आपलं व्हायला आलं की "सीटा खाल्ल्या". आणि "परप्रांतीय" हा शब्द मथळ्यात किती वेळा टाकलाय, ते माझी जुनी कात्रणं काढली तर मलाच दिसेल.

तिने रिपीट केलंय. एमबीबीएस साडेपाच वर्षं, एमडी तीन, नवजात शिशुशास्त्राचं डीएम आणखी तीन. आज लागली तरी साडेअकरा वर्षं. बाप हिशेब करून म्हणाला, "तवर माझी गुडघी जाणार सर, फरशी बसून करायचं काम हाय."

आमदारांना अर्ज दिलाय. झेरॉक्सवर त्यांच्या पीएची सही आहे, तारीखही आहे. उत्तर आलं की इथेच टाकतो. त्या सभेतल्या पुढाऱ्यालाही विचारलं, बाहेरच्यांनी नेमक्या किती सीटा खाल्ल्या, आकडा द्या, छापतो. "नंतर फोन करतो" म्हणाले. आज अकरावा दिवस.