अकरा वाजताची पालकसभा

“बुधवारी सकाळी अकरा वाजता पालकसभा होणार असून सर्व पालकांनी अगत्याने उपस्थित राहावे,” असा मजकूर असलेली चिठ्ठी मुलाच्या दप्तरातून घरी येते, तेव्हा ती धाडणाऱ्या शाळेच्या मनात अनादर नसतो. परंतु ज्या घरातील आई त्या वेळी दुसऱ्याच्या घरी भांडी घासत असते आणि वडील मुकादमाकडे हजेरी लावून बांधकामावर चढलेले असतात, त्या घराला ते निमंत्रण एका दिवसाच्या रोजावर पाणी सोडण्याच्या हुकुमासारखेच वाटते. पगारदाराला रजा मिळते, रोजंदारीवरच्या माणसाचा खाडा होतो. आणि या दोन शब्दांतील अंतर ज्यांनी भोगलेले नाही, त्यांनी पालकांच्या अनास्थेविषयी बोलताना जपून बोलावे.

मीही एके काळी जपून बोलत नसे. चौथीचा वर्ग माझ्याकडे असताना अशाच एका सभेनंतर सायंकाळी शाळेच्या फाटकातून बाहेर पडत होतो, तोच एक बाई लगबगीने पुढे आल्या. चार घरांचे काम उरकून आल्या होत्या. चिठ्ठीची घडी कमरेच्या पिशवीत होती. “गुरुजी, पोराचं कसं चाललंय?” त्यांनी विचारले. पाढे तोंडपाठ आहेत, परंतु फळ्यावरचे उतरवून घेण्याचा कंटाळा करतो, असे मी सांगितले. त्या क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “घरी पुस्तक पार नाकाला लावून वाचतो.” मुलाची दृष्टी अधू आहे, ही गोष्ट सबंध सहामाहीत माझ्या ध्यानी आली नव्हती, ती त्या फाटकापाशी पाच मिनिटांत उलगडली. सभेच्या नोंदवहीत त्या बाईंच्या नावापुढे मी दुपारीच ‘गैरहजर’ असा शेरा मारून ठेवला होता.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या 24 व्या कलमाने पालकांच्या नियमित सभा घेऊन मुलाची उपस्थिती आणि प्रगती त्यांना सांगणे हे शिक्षकाचे कर्तव्य ठरविले आहे, आणि 21 व्या कलमाने, खासगी विनाअनुदानित शाळा वगळता, शाळा व्यवस्थापन समितीत पाऊण हिस्सा पालकांना दिला आहे. सभा कोणत्या प्रहरी घ्यावी हे मात्र त्या कलमांत नाही. ते मुख्याध्यापकांच्या हाती आहे. शिवाय शाळेच्या वेळेत सभा घेतली की वर्ग शिक्षकाविना राहतो, आणि पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी त्याच कायद्याने वर्षाला जे किमान 800 अध्यापन-तास नेमून दिले आहेत, त्यांनाच त्या सभेची झळ लागते.

शिक्षकांची बाजू मला परकी नाही. सायंकाळी सातची सभा म्हणजे दूरवरून लोकलने येणाऱ्या शिक्षिकेला घरी पोहोचण्यास रात्रीचे दहा, आणि तिची स्वतःची मुले तोवर शेजाऱ्यांकडे. म्हणून केवळ सेवाभावाची दुहाई देऊन तिची संध्याकाळ मागणे मला अन्यायाचे वाटते. परंतु कायद्याने शिक्षकाचे किमान साप्ताहिक काम पूर्वतयारीसह 45 तासांचे धरले आहे. सायंकाळचे दोन-तीन तास त्यातच रीतसर धरावेत, मस्टरवर त्यांची नोंद व्हावी आणि दुसऱ्या दिवशी उशिरा येण्याची मुभा लेखी मिळावी. एवढी तजवीज वर्षातून तीन-चार वेळा करणे कोणत्याही शाळेस जड जाऊ नये.

जुलैतील पहिल्या सभेच्या चिठ्ठ्या अजून छापल्या गेल्या नसतील, तर त्यांत वेळेची जागा कोरी ठेवावी. खाली ‘सकाळी आठ’, ‘सायंकाळी साडेसहा’ आणि ‘रविवारी सकाळी’ असे तीन पर्याय द्यावेत, आणि ज्या आईला खूण करता येत नसेल तिच्यासाठी ती खूण तिच्या मुलाने, तिला विचारून, करून आणावी.