इशाऱ्यांचे काय करायचे?

ईएसलिंट हे जावास्क्रिप्टचा कोड न चालवता तपासणारे कमांड-लाइन साधन. निकोलस झकास यांनी ते २०१३ मध्ये सुरू केले. त्याआधीच्या डग्लस क्रॉकफर्ड यांच्या जेएसलिंटमध्ये क्रॉकफर्ड यांची मते बरीचशी मुकाट्याने पाळावी लागत. ईएसलिंटमध्ये प्रत्येक नियम सुटा असतो. हवा तो चालू ठेवावा, नको तो बंद करावा, नसेल तो स्वतः लिहावा.

साधन कोड वाचून त्याचा सिंटॅक्स ट्री बनवते आणि नियम त्यावर चालतात. समजा, ‘इफ’च्या कंसात वापरकर्त्याची भूमिका ‘अ‍ॅडमिन’शी ताडून पाहायची होती आणि घाईत एकच बरोबरचिन्ह पडले. ब्राउझर तक्रार करत नाही. तुलनेऐवजी किंमत भरली जाते, अट नेहमीच खरी ठरते आणि प्रत्येक जण अ‍ॅडमिन होतो. ईएसलिंट हे क्षणात पकडते. दहा टक्क्यांऐवजी पंधरा टक्के सवलत लावलेली मात्र त्याला कळणार नाही. ते टेस्टचे काम.

नियम मोडल्यास ‘एरर’ दाखवायची की ‘वॉर्निंग’, हे टीम ठरवते, आणि बहुतेक ठिकाणी घोळ इथेच होतो. एकही एरर असली तर कमांडचा एक्झिट कोड १ येतो, खुद्द कॉन्फिगरेशनच बिघडले असेल तर २. वॉर्निंग कितीही असोत, कोड ‘सर्व ठीक’ सांगणारा शून्यच. म्हणजे शेकडो इशारे छापूनही सीआयमध्ये (बदल पाठवताच आपोआप चालणाऱ्या तपासणीत) हिरवी खूण उमटते आणि महिन्याभरात ते इशारे कुणी वाचेनासे होते. रिअ‍ॅक्टमधल्या इफेक्टच्या डिपेन्डन्सी तपासणारा नियम प्रचलित संचात वॉर्निंग म्हणूनच येतो. तो डावलला तर पडद्यावर जुनीच किंमत दिसत राहण्याची शक्यता असते, आणि असला बग शोधायला अख्खा दिवस जातो. सीआयमध्ये ‘मॅक्स-वॉर्निंग्ज’ शून्यावर ठेवले की ही पळवाट बुजते.

जुन्या प्रकल्पात मात्र पहिल्याच दिवशी हजारो ओळी लाल होतात. ‘फिक्स’ पर्याय त्यातल्या थोड्याच दुरुस्त करतो. २०२५ पासून अस्तित्वातल्या एरर एका फाइलमध्ये नोंदवून तूर्त बाजूला ठेवता येतात. नव्या चुका मात्र अडतात. ही फाइल रिपॉझिटरीत असावी आणि रिव्ह्यूमध्ये दिसावी. ओळीपुरता नियम बंद करणाऱ्या कॉमेंटमध्ये दोन आडव्या रेघांनंतर कारण लिहिण्याची सोय आहे. कारण नसलेली अशी कॉमेंट रिव्ह्यूमध्येच परत पाठवावी.