बोजा चढतो, उतरत नाहीं

शेतकरी बंधूंनो, सातबाऱ्यावरचा बोजा म्हणजे काय हें तुम्हांस आम्हीं सांगावयास नको. सोसायटीचें कर्ज काढलें कीं तो उताऱ्यावर चढतो, आणि चढतांना तुमची वाट पाहत नाहीं. कर्ज फिटलें म्हणून मात्र तो आपोआप उतरत नाहीं. बेबाकीचा दाखला आणा, अर्ज द्या, तलाठ्याकडे खेटे घाला, तेव्हां कोठें फेरफार होतो. ज्यानें हें केलें नाहीं, त्याच्या पोराला वीस वर्षांनीं जमीन विकतांना समजतें कीं बापाचें फिटलेलें कर्ज कागदावर अजून जिवंत आहे. पोलिसांच्या दप्तरांतील नांवाची गोष्ट अशीच आहे. फरक इतकाच कीं सातबारा तुम्हांला पाहावयास मिळतो. तें दप्तर मिळत नाहीं.

हें दप्तर सुधारण्यासाठीं दिल्लीहून पैसा येतो, आणि थोडाथोडका येत नाहीं. मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर, २००९ सालीं, देशांतील पोलीस ठाणीं संगणकानें जोडण्याची सीसीटीएनएस ही योजना केंद्र सरकारनें मंजूर केली. रक्कम दोन हजार कोटि रुपये. पुढें पोलीस, कोर्ट, तुरुंग, सरकारी वकील व गुन्ह्यांची प्रयोगशाळा या पांचांचीं दप्तरें एकमेकांस जोडण्याच्या दुसऱ्या टप्प्याला २०२२ सालीं ३३७५ कोटि रुपये मिळाले. त्याची मुदत २०२५-२६ पर्यंतची. बोटांच्या ठशांचें देशभराचें भांडारहि २०२२ सालींच सुरू झालें. पैठणच्या ठाण्यांत लिहिलेलें नांव नागपुरास क्षणांत दिसावें, असा हा बेत आहे.

बेत वाईट आहे असें आमचें म्हणणें नाहीं. विहिरीवरची मोटार व केबल रातोरात उचलणारा, दावणीचे बैल टेंपोंत घालून परजिल्ह्याच्या बाजारांत उभे करणारा चोर सांपडावा, ही गरज बंगलेवाल्यापेक्षां आपली अधिक. शिवाय एका तालुक्यांत एकाच नांवाचे चार तरुण असतात. नुसत्या नांवावरून शोध केला तर एकाचें पाप दुसऱ्याच्या माथीं बसतें. अंगठा मात्र दोघांचा सारखा नसतो. (या ठशांची वर्गवारी बसविण्याचें किचकट काम कलकत्त्याच्या कचेरींत अझिजुल हक व हेमचंद्र बोस या दोन देशी अंमलदारांनीं केलें. ती कचेरी १८९७ सालची. पद्धतीला नांव मिळालें तें हेन्री साहेबाचें! राबणाराचें नांव कागदावर न चढण्याची रीत जुनीच आहे.)

परंतु खेड्यांतला 'गुन्हा' म्हणजे बहुधा असतो काय? बांधाचा वाद. भावकींत पाटाच्या पाण्यावरून बोलाचाली होते, कोणी खोऱ्याचा दांडा उगारतो, आणि फिर्याद लिहितांना एका घरचे पांच पुरुष आरोपी म्हणून चढतात. त्यांत कॉलेजांतून सुटीला आलेला पोरगाहि येतो. कलमें ३२३, ५०४, ५०६. नवी संहिता १ जुलै २०२४ पासून आली, त्यांत आंकडे बदलले. भांडणें तींच राहिलीं. वर्षां-दोन वर्षांनीं प्रकरण आपसांत मिटतें, किंवा पुराव्याअभावीं कोर्ट सर्वांना सोडून देतें. घरांत पेढे वाटले जातात. निकाल ठाण्याच्या दप्तरीं पोंचवावयाचा तो कोर्टांतल्या पैरवी अंमलदारानें. त्याच्या एकट्याच्या डोक्यावर शेंकडों खटले. वर सणावाराचा बंदोबस्त. निकाल चढला तर बरें. न चढला तर 'गुन्हा दाखल' हे दोन शब्द तसेच बसून राहतात आणि पुढची रेघ कोरी!

मग तो पोरगा वाळूजच्या किंवा शेंद्र्याच्या कारखान्यांत जातो. तेथें चारित्र्य पडताळणीचा दाखला मागतात. दाखल्यांत जुनें प्रकरण निघतें. आपण सुटलों असें तो परोपरीनें सांगतो. ठेकेदार म्हणतो, बरें, कळवूं. आणि त्याच्या मागें उभा असलेल्याला आंत घेतो. सर्वोच्च न्यायालयानें २०१६ सालीं अवतार सिंग यांच्या खटल्यांत सांगितलें आहे कीं, उमेदवारानें खरी माहिती द्यावी आणि नेमणूक करणारानें गुन्हा किरकोळ कीं भारी याचा विचार करावा. निकाल चांगला आहे. पण ठेकेदार सर्वोच्च न्यायालयाचे निकाल वाचीत बसत नाहीं.

ज्यांच्या बाबतींत नांव जन्मतःच दप्तरांत चढत असे, त्यांची तऱ्हा याहून वाईट. इंग्रजानें १८७१ सालीं कायदा करून जातीच्या जाती गुन्हेगार ठरविल्या. आपल्या महाराष्ट्रांत कैकाडी, पारधी, टकारी यांच्या नशिबीं पोलिसांची हजेरी आली; सोलापुरास तर तारेच्या कुंपणाआड वसाहतच उभी राहिली. १९११ च्या कायद्यानें नोंद झालेल्या कोणाचेहि ठसे केव्हांहि घेण्याची मुभा दिली. तो सारा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं गेला. कायदा गेला, पण चोरी झाली कीं आधीं पारध्याची पालें गांठावयाचीं, ही संवय गेली काय? मे २०२४ मध्यें सर्वोच्च न्यायालयानें सर्व राज्यांस बजावलें कीं, मागास समाजाच्या निरपराध माणसांचीं नांवें पोलिसांच्या हिस्ट्रीशीटांत आंधळेपणानें चढवूं नका. आणि ऑक्टोबर २०२४ मध्यें तुरुंगाच्या रजिस्टरांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा हुकूम दिला. कायदा जाऊन ७२ वर्षें झाल्यावर हें सांगावें लागलें, यांतच सर्व आलें.

आतां २०२२ चा नवा कायदा पाहा. अटक झालेल्याचे बोटांचे, तळहातांचे, पावलांचे ठसे, डोळ्यांच्या बुबुळांची छाया, सहीसुद्धां घेतां येते, आणि तें सारें ७५ वर्षें ठेवतां येतें. पूर्वीं शिक्षा न झालेला माणूस खटल्यांत शेवटपर्यंत निर्दोष ठरला, तर त्याचीं मापें नष्ट करावींत असेंहि त्यांत आहे. फार छान! पण नियम सांगतो कीं त्यासाठीं मागणी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे करावयाची. म्हणजे बोजा चढवावयास सरकारचा माणूस, आणि उतरवावयास तुमचा चपलांचा जोड.

अमेरिकेंत बंदूक विकत घेणाराची तपासणी नीट व्हावी म्हणून मध्यवर्ती सरकार १९९५ पासून राज्यांना गुन्ह्यांचीं दप्तरें सुधारण्यासाठीं अनुदान देतें. अटक लिहिलेली, पण निकाल लिहिलेला नाहीं, हें दुखणें तेथेंहि आहे. म्हणून निकाल भरून घेणें हें त्या अनुदानाचें एक मुख्य काम ठरलें, आणि कोणत्या राज्यांत शेंकडा किती अटकांपुढें शेवटचा निकाल चढला याचा आंकडा छापला जातो. तेथील दप्तरें निर्मळ झालीं असें नव्हे. पण आंकडा छापण्याइतकी लाज तरी आहे.

आमची मागणी हीच आहे. पोलीस हें खातें राज्याचें. तेव्हां दिल्लीकडे बोट न दाखवितां मुंबईच्या सरकारनें दरवर्षी ठाणेंवार छापावें कीं या सालीं किती नांवें चढलीं, किती खटल्यांचे निकाल त्यांपुढें लिहिले, किती नांवें काढलीं. पुढच्या अनुदानांतला पहिला पैसा संगणकाला न देतां, जुने निकाल चढविणाऱ्या कारकुनांना द्यावा. जिल्ह्यांतल्या आमदारांनीं रस्त्यांबरोबर हाहि प्रश्न सभागृहांत विचारावा.

तोंवर ज्याच्या घरीं असा जुना खटला निकालांत निघाला असेल, त्यानें कोर्टांतून निकालाची सही-शिक्क्याची नक्कल काढावी, ती अर्जासोबत ठाण्यांत द्यावी, पोंच घ्यावी, आणि ती पोंच सातबाऱ्याच्या पिशवींत ठेवावी.