कोणते वजन टाकावे?



गाडी जुनी चांगली की नवी, हा वाद गॅरेजात काम शिकणाऱ्या आपल्या तरुणांत नेहमी रंगतो. आज आम्ही तो दोन परदेशी गाड्यांवरून पारखणार आहोत. दोन्ही दोनच माणसांच्या आणि उघडता येणाऱ्या छताच्या. आपल्या वस्तीत त्या येणार नाहीत; पण त्यांच्यामागचे ज्ञान कुणाच्या बापाची मिरास नाही.

पहिली इंग्लंडची लोटस एलान. कॉलिन चॅपमन या इंजिनियरच्या कंपनीने ती १९६२ साली आणली. वजन सुमारे ६८० किलो. मधोमध पाठीच्या कण्यासारखी पोलादी चॅसिस आणि वर फायबरची बॉडी. गाडी हलकी असल्यामुळे लहान इंजिनही पुरे पडे. ब्रेक व टायर यांवरही ताण कमी. त्या काळी इंग्लंडात तयार गाडीवर खरेदी कर होता, सुट्या भागांवर नव्हता. म्हणून कित्येकजण एलान सुट्या भागांत घेऊन घरीच जोडीत. परंतु फायबर गंजत नसले तरी आतली चॅसिस गंजे, मागच्या चाकांना शक्ती पोहोचविणारी रबरी कपलिंग झिजत. नित्य दुरुस्ती ज्याला झेपेल त्याचीच ती गाडी!

दुसरी जपानची, हिरोशिमाच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. तिचे वर्ष १९८९. इंग्लंडच्या जुन्या हलक्या गाड्यांचा आदर्श पुढे ठेवूनच ती बनविली. इंजिन १.६ लिटरचे, वजन वाचावे म्हणून बॉनेट अॅल्युमिनियमचे. गुण घेतला, रोजची कटकट टाकली. २०१६ पर्यंत अशा १० लाख गाड्या तयार झाल्या.

तरीही तिचे वजन सुमारे ९५० किलो भरले. हे जादा वजन कशाचे? बरेचसे पोलादी बॉडीचे आणि धडकेत आतला माणूस वाचावा म्हणून केलेल्या मजबुतीचे. एलानमध्ये एअरबॅग नव्हती. २०१५ च्या नव्या एमएक्स-५ मध्ये आधीच्या गाडीपेक्षा सुमारे १०० किलो वजन उतरविले. पण एअरबॅग काढून नव्हे.

जुने आहे, परंपरेने आले आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी कालामांना केला. त्या कसोटीवर आमचे मत असे : हलकेपणाची शिकवण एलानची घ्यावी, पण रोज वापरायला आणि जीव सांभाळायला एमएक्स-५ बरी.

आपल्या घरी मोटार नसेल, मोटारसायकल असेल. तिच्यावरचा दिखाऊ साज काढा, वजन कमी होईल, पेट्रोलही थोडे वाचेल. मात्र डोक्यावरचे हेल्मेट काढू नका. मागे बसणाऱ्या पत्नीला आणि मुलांनाही ते द्या. कमावता हात आणि शिकणारे डोके, हीच आपली इस्टेट आहे. तिचे वजन टाकायचे नसते.