काकूंचे मोदक आणि माझं बटण



गेल्या गणेशोत्सवात आमच्या फ्रीगंजातल्या शेजारच्या काकू उकडीच्या मोदकांचा डबा घेऊन पाककला स्पर्धेला आल्या, आणि यादीत त्यांचं नावच नव्हतं. "अरे, मी मोबाईलवरून फॉर्म भरला होता," त्या म्हणाल्या. कुणी वाद घातला नाही. काकूंनी मोदक मुलांना वाटले आणि घरी गेल्या. ऑनलाइन फॉर्म मीच बनवला होता, त्यामुळे मला तो मोदक काही गोड लागला नाही.

दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडे जाऊन म्हटलं, काकू, पुन्हा भरून दाखवा बरं. नाव, पत्ता, पदार्थ, सगळं अचूक. मग त्यांनी 'पुसा' दाबलं. फॉर्म क्षणात कोरा. "बघ, गेला!" काकू खुशीत. कोरा झाला म्हणजे पोचला, असा त्यांचा हिशेब.

आता माझी करामत ऐका. वेबपानाची सजावट मी बूटस्ट्रॅप वापरून करतो. ट्विटरमधल्या मार्क ओटो आणि जेकब थॉर्नटन यांनी ते तयार केलं आणि २०११ साली सगळ्यांसाठी मोफत खुलं केलं. त्यात बटणाला नुसतं नाव द्यायचं, रंगरूप आपोआप येतं: 'प्रायमरी' म्हटलं की निळं, 'सेकंडरी' राखाडी, 'डेंजर' लाल. मी 'पुसा'ला डेंजर दिलं आणि 'जमा करा'ला सेकंडरी, कारण राखाडी जरा सोज्वळ वाटलं! काकू म्हणाल्या, "ते फिकट बटण बंद असेल असं वाटलं. लाल छान कुंकवासारखं होतं." डेंजर हे नाव कोडमध्ये असतं, काकूंना दिसतो तो फक्त रंग.

यंदा 'पुसा' काढूनच टाकलं. खरं तर फॉर्म पुसायची गरज कुणाला पडते? ते बटण काही विचारत नाही, एका बोटात सगळं साफ करतं. 'जमा करा' आता प्रायमरी, मोबाईलच्या पूर्ण रुंदीचं. बूटस्ट्रॅपचं साधं बटण ३८ पिक्सेल उंच असतं, मोठं ४८. मी मोठं घेतलं. उंची मात्र हाताने बांधून टाकू नका. इंग्रजी अक्षरं त्यात मावतात, आपल्या वेलांट्या आणि उकार कापले जातात. बटण दाबताच ते मंद होतं आणि त्यावर 'पाठवत आहे' असं येतं, म्हणजे कुणी घाईत दोनदा दाबत नाही. शेवटी ठळक अक्षरात: 'तुमचा फॉर्म मिळाला. पदार्थ: अमुक.'

परवा फॉर्म सुरू केला आणि अर्ध्या तासात काकूंचा फोन. "मिळाला म्हणतोय रे, पण तू एकदा यादी बघ."

बघितली. पहिलंच नाव त्यांचं. पदार्थ: उकडीचे मोदक.