मंच बदलण्याचा सल्ला आणि एक टक्का

गणेशचतुर्थीला चाकरमानी मालवण-कुडाळात उतरतात, तेव्हा आरतीनंतर घराघरांत पैशाच्याही गोष्टी निघतात. एके काळी येथल्या चुली मुंबईच्या मनीऑर्डरीवर पेटत आणि शिल्लक पोस्टात पडे. आता निवृत्त शिक्षकाच्या पुंजीचा काही भाग म्युच्युअल फंडांत असतो, आणि ‘जुना मंच सोडा, या नव्या मंचावर या’ असे सांगणारा सल्लागारही हजर असतो.

वस्तुतः मंच हे केवळ दुकान आहे. युनिटे गुंतवणूकदाराच्याच नावे नोंदलेली असतात. एका वितरकाकडून दुसऱ्याकडे जाण्याने दलालीचा धनी तेवढा बदलतो. गुंतवणूकदाराचा छदामही वाचत नाही. खर्च वाचतो तो ‘डायरेक्ट’ योजनेत. सेबीच्या आदेशाने १ जानेवारी २०१३ पासून ती प्रत्येक फंडाला ठेवावी लागते. समभाग योजनांत हा फरक बहुधा अर्धा ते एक टक्का असतो. रापणीचे वाटे वाळूवर चारचौघांदेखत पडतात. येथे वितरकाचा वाटा दररोजच्या मूल्यातून आधीच वजा झालेला असतो, म्हणून तो टोचत नाही. सहामाही एकत्रित विवरणपत्रात तो रुपयांत छापलेला असतो, पण ते पान वाचतो कोण!

एक टक्का क्षुल्लक नव्हे. एक लाख रुपये २० वर्षांत ११ टक्क्यांनी सुमारे ८.०६ लाख होतात, १२ टक्क्यांनी ९.६५ लाख.

तथापि नेहमीच्या योजनेतून डायरेक्ट योजनेत जाणे कायद्याने विक्रीच ठरते. तीन लाखांचे समभाग फंड आज पाच लाखांचे असतील, तर दोन लाखांच्या दीर्घकालीन नफ्यातून सव्वा लाख वगळून उरलेल्या ७५ हजारांवर साडेबारा टक्के कर, म्हणजे उपकरासह ९,७५० रुपये. एक टक्क्याची बचत वर्षाला पाच हजार; दोन वर्षांत भरपाई होते. निम्मी युनिटे मार्चमध्ये आणि निम्मी एप्रिलमध्ये विकली, तर दुसरा नफा नसल्यास करही बहुधा टळतो. घाई सुचवणारा सल्लागार ही साधी गोष्ट का सांगत नाही, हे विचारावयास हवे. वर्ष न भरलेल्या युनिटांना मात्र हातच लावू नये. त्यांच्यावर कर २० टक्के, शिवाय निर्गमन आकार लागू शकतो.

मग सल्लागाराचे पोट कशावर चालते? २०२० च्या सुधारित नियमांनुसार नोंदणीकृत सल्लागाराला एकाच ग्राहकाकडून सल्ल्याचे शुल्क आणि त्याच ग्राहकाच्या गुंतवणुकीवरील दलाली, दोन्ही घेता येत नाहीत. त्याचा नोंदणी क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो, वितरकाचा ‘एआरएन’ने. फुकट सल्ला देणाऱ्याकडे बहुधा दुसराच क्रमांक सापडेल.

येथे जुन्या वितरकावरही अन्याय होऊ नये. बाजार कोसळला असता ‘विकू नका’ म्हणणारा, गुंतवणूकदाराच्या पश्चात देवगडच्या एखाद्या वाडीत जाऊन विधवेचे दाव्याचे कागद भरून देणारा माणूस असेल, तर त्याची दलाली ही मजुरी आहे. जो वर्षानुवर्षे उंबऱ्याशी फिरकलाच नाही, त्याला ती द्यावयाचे कारण दिसत नाही.