परदेशी गेलेला शिक्षक परत कुठे येतो?

शिक्षकाला शिकण्यासाठी परदेशी पाठवायचे म्हटले की सरकारी दप्तरात पहिला प्रश्न खर्चाचा निघतो आणि दुसरा रजेचा. तो शिक्षक परत आल्यावर काय करणार, हा तिसरा आणि खरा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

2023च्या जानेवारीत दिल्लीतील प्राथमिक शाळांच्या प्रभारींना फिनलंडला पाठवण्याचा प्रस्ताव नायब राज्यपालांच्या कार्यालयात अडला. खर्चाच्या मानाने लाभ काय, याचा हिशेब मागितला गेला. मुख्यमंत्री आमदारांसह राजनिवासावर चालून गेले, आरोप-प्रत्यारोप झाले आणि मार्चमध्ये मंजुरी मिळाली, तीही मूळ प्रस्तावापेक्षा अधिक प्रभारींना पाठवण्याची शिफारस करून. त्याच सुमारास पंजाब सरकारने 36 मुख्याध्यापकांची पहिली तुकडी सिंगापूरला धाडली, तेव्हा तेथील राज्यपालांनी निवडीचे निकष विचारले. दोन्ही ठिकाणी वाद रंगला तो अधिकार कोणाचे, यावर. परतलेल्या शिक्षकाच्या वर्गात पुढे काय बदलले, याची बातमी त्या गदारोळात कुठे उमटली नाही.

हिशेब मागण्यात गैर काही नाही. प्रश्न आहे तो हिशेब कोणत्या वहीत मांडायचा, हा. देशातील शाळांमध्ये 2024-25 साली शिक्षकांची संख्या एक कोटीच्या पुढे गेली. वर्षाला हजार शिक्षक परदेशी जाऊन आले, तरी ते प्रमाण दहा हजारांत एक एवढेच पडते. एवढ्याने देशाचे शिक्षण सुधारेल, असा दावा कोणी करू नये. तो एक जण परत आल्यावर उरलेल्यांपैकी किती जणांपर्यंत पोहोचतो, यावरच या खर्चाची किंमत ठरते.

मुळात अशा देवाणघेवाणीत शिक्षकाला मिळते काय? अमेरिकेच्या फुलब्राइट कार्यक्रमाचेच उदाहरण घेऊ. 1946 साली सुरू झालेल्या या योजनेचा भारताशी करार झाला तो 2 फेब्रुवारी 1950 रोजी. प्राध्यापक आणि संशोधक यांच्यासाठी ती आपल्याकडे परिचित आहे. शाळाशिक्षकांसाठीही तिच्यात वाटा आहे, हे कमी जणांना ठाऊक असते. माध्यमिक स्तरावर शिकवणाऱ्यांसाठी सहा आठवड्यांचा एक उपक्रम आहे. त्यात विद्यापीठातील चर्चासत्रांबरोबर तेथील शाळेत, तेथील शिक्षकाच्या सोबतीने, किमान चाळीस तास प्रत्यक्ष वर्गात घालवावे लागतात. अर्जासाठी पाच वर्षांचा अनुभव लागतो. परतून आपल्या शाळेत रुजू होण्याची हमीही द्यावी लागते.

चाळीस तास हा आकडा किरकोळ वाटेल. पण आपल्याकडचा शिक्षक दुसऱ्या शिक्षकाला शिकवताना शेवटचे कधी पाहतो? बी.एड.च्या सराव पाठांनंतर बहुतेकांच्या वाट्याला तो प्रसंग येतच नाही. पुढची तीस वर्षे वर्गाचे दार लोटून तो एकटाच शिकवत राहतो. तपासणीला अधिकारी येतात ते हजेरीपट, पोषण आहाराची नोंदवही आणि शौचालयाचे छायाचित्र पाहून जातात. अशा माणसाला कोणी परक्या वर्गाच्या मागच्या बाकावर बसवले, की अगदी साध्या गोष्टी डोळ्यांत भरतात. प्रश्न विचारल्यावर तो शिक्षक किती वेळ थांबतो, चुकीचे उत्तर आले तर फळ्यावर त्याचे काय करतो, शिकण्यात अडचण असलेल्या मुलाला त्याच वर्गात कसे सामावून घेतो. व्याख्यानातून या गोष्टी कळत नाहीत, त्या पाहाव्याच लागतात.

जपानी शाळांनी हीच गोष्ट परदेशवारीवाचून नित्याची केली आहे. तेथे काही शिक्षक मिळून एक पाठ तयार करतात, त्यांतील एक जण तो वर्गात शिकवतो आणि बाकीचे बसून शिक्षकाकडे नव्हे तर मुलांकडे पाहतात. कोणते मूल कुठे अडले, यावर नंतर चर्चा होते आणि पाठ पुन्हा बांधला जातो. याला पैसा फारसा लागत नाही. लागतो तो वेळ, आणि सहकाऱ्याने आपल्या वर्गात बसावे हे चालवून घेण्याची सवय.

परदेशी जाऊन आलेल्याचा दुसरा लाभ कमी बोलला जातो. त्याच्या मनातला दिपून जाण्याचा भाग ओसरतो. अमेरिकी शिक्षकही विद्यार्थ्यांच्या मोबाइलने आणि गैरहजेरीने त्रासलेला असतो, पगारावर नाराज असतो, हे जवळून दिसते. शिवाय आपल्या पंचेचाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात, तीन घरभाषांच्या गोंधळात आपण काय करतो, हे परक्याला समजावून सांगताना स्वतःच्या कामाला प्रथमच शब्द सापडतात. म्हणूनच देवाणघेवाण हा शब्द खरा व्हायचा, तर पाहुणे इकडेही यायला हवेत. पूर्वी फुलब्राइटमध्येच शिक्षकांनी एकमेकांच्या जागी जाऊन शिकवण्याची योजना होती, ती पुढे बंद झाली. आता ओघ बहुतांशी एकाच दिशेने वाहतो.

परदेशातून शिकून येणाऱ्यांची व्यवस्था कशी लावायची, हे या देशाला कधी जमलेच नाही, असे मात्र नाही. नागपूरहून हावडा मार्गाने निघालेली गाडी गोंदिया, राजनांदगाव, दुर्ग मागे टाकून रायपूरकडे जाताना भिलाईतून जाते आणि त्यानंतर देवबलोदा-चरोदा हे छोटे स्थानक लागते. चरोदा हे रेल्वेचे गाव. मालगाड्यांचे डबे सोडवण्या-जोडण्याचे मोठे यार्ड, रेल्वे वसाहत आणि शेजारी पोलादनगरी. ही पोलादनगरी उभी राहिली तीच एका आंतरराष्ट्रीय देवाणघेवाणीतून. 2 फेब्रुवारी 1955 रोजी सोव्हिएत संघाशी करार झाला आणि 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन केले. मधल्या काळात शेकडो भारतीय अभियंते व तंत्रज्ञ सोव्हिएत कारखान्यांत पाठवले गेले आणि सोव्हिएत तज्ज्ञ भिलाईत येऊन राहिले.

त्या व्यवहारात एक गोष्ट नीट ठरलेली होती. जो शिकून येईल, त्याच्यासाठी भट्टी उभी होती. परतलेला तंत्रज्ञ सोव्हिएत सहकाऱ्याच्या शेजारी उभा राही आणि काही काळाने ती जागा स्वतः सांभाळी. तो परदेशी असताना मागे काम कोणी करायचे, हा भुर्दंड त्याच्या एकट्याच्या माथी नव्हता. पोलाद ही देशाची गरज मानली होती, म्हणून त्याचे शिकणे ही त्याची खासगी हौस ठरली नाही.

शिक्षकाच्या बाबतीत नेमके उलटे घडते, आणि त्याचा पुरावा महाराष्ट्राने साऱ्या देशाला दाखवला आहे. सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर 2020मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड घालण्याचा त्यांचा प्रयोग राज्याने आधीच उचलला होता. दहा लाख डॉलरच्या पुरस्कारातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांत वाटून टाकली. सत्कारांना तोटा नव्हता. मग त्यांना फुलब्राइट शिष्यवृत्ती मिळाली आणि 2022च्या जानेवारीत त्यांनी रजा मागितली. रजेच्या काळात शाळेतील मुलांचे काय, असा प्रश्न जिल्हा स्तरावर उभा राहिला. अर्ज अडला, गाजावाजा झाला, आणि अखेर शिक्षणमंत्री वर्षा गायकवाड यांना रजा मंजूर करण्याच्या सूचना द्याव्या लागल्या. पूर्वीच्या प्रतिनियुक्तीच्या काळातील हजेरीवरून चौकशीही झाली, आणि जुलैमध्ये त्यांच्या राजीनाम्याची बातमी आली.

त्या चौकशीत बरोबर कोण होते, याचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. शाळेचे काय, हा अधिकाऱ्यांचा प्रश्नही खोटा म्हणता येणार नाही. 2024-25च्या आकडेवारीनुसार देशात एक लाखाहून अधिक शाळा एकशिक्षकी आहेत आणि त्यांत तेहतीस लाखांहून अधिक मुले शिकतात. अशा शाळेतील शिक्षक सहा आठवडे गेला, तर शाळेला कुलूपच लागेल. पण हा प्रश्न शिक्षकाला विचारून काय उपयोग? बदली शिक्षक देणे हे व्यवस्थेचे काम आहे. सरकारी सेवेच्या नियमांत अभ्यास रजेची तरतूद जुनी आहे. केंद्राच्या 1972च्या रजा नियमांनुसार पाच वर्षांच्या सेवेनंतर ती मिळू शकते. तरतूद असूनही प्रत्येक अर्जासाठी मंत्र्याला हस्तक्षेप करावा लागत असेल, तर ज्याला जागतिक पुरस्कार नाही आणि ज्याचे नाव वर्तमानपत्रात येणार नाही, त्याने अर्ज करायचा तरी कशाच्या भरवशावर?

आता चरोद्याकडे पुन्हा पाहू. समजा, तेथील एखाद्या सरकारी हिंदी माध्यमाच्या शाळेतील गणिताच्या शिक्षिकेला अशा उपक्रमाला जावेसे वाटले. तिची पहिली अडचण रजेची नव्हे, इंग्रजीची असेल. इंग्रजीची परीक्षा, इंग्रजीतील निबंध, इंग्रजीतील मुलाखत या चाळणीतून सहज पार होतात ते महानगरांतील खासगी शाळांचे शिक्षक. ज्यांच्या मुलांना चांगल्या गणित-शिक्षणाची सर्वाधिक निकड आहे, ते बाहेर राहतात. यात फुलब्राइटला दोष देऊन भागणार नाही. परक्या देशात काम करायचे तर तेथील भाषा लागणारच. भिलाईच्या अभियंत्यांनाही रशियन शिकावी लागली होती, आणि ती शिकवण्याची सोय केली गेली होती. सरकारी शिक्षकांच्या इंग्रजीसाठी तशी सोय करण्याचे राज्यांच्या मनात येत नाही.

समजा, ती गेली आणि जूनच्या मध्यावर छत्तीसगडच्या शाळा उघडतात त्या वेळी परतली. अपूर्णांक शिकवण्याची वेगळी रीत तिने पाहिली आहे. ती कोणाला सांगायची? जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था 1986च्या शिक्षण धोरणानंतर याच कामासाठी उभारल्या गेल्या. 2020च्या धोरणाने प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान 50 तासांचे व्यावसायिक प्रशिक्षण सुचवले आहे. पण त्या तासांतले बरेचसे मोबाइलच्या पडद्यावरील चित्रफिती उलटण्यात आणि प्रमाणपत्र उतरवून घेण्यात जातात. त्यांतले दहा तास या शिक्षिकेच्या वर्गात बसून काढता येतील, असे कोणी ठरवलेले नाही. मग शाळेत एक सत्कार होतो, शाल मिळते, भिंतीवर छायाचित्र लागते, आणि पुढच्या आठवड्यात तिला मतदारयादीच्या कामावर पाठवले जाते.

बाहेरचे शिक्षण आपल्या मातीत कसे रुजते, याचा सर्वांत चांगला दाखला पालघर जिल्ह्यातील कोसबाडचा आहे. मारिया माँटेसरी यांची पद्धत ताराबाई मोडक यांनी भावनगरच्या बालमंदिरात गिजुभाईंसोबत राबवली होती. ती महागड्या लाकडी साधनांची आणि शहरी घरांतल्या मुलांची होती. 1945 साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडला, अनुताई वाघ यांच्या साथीने काम करताना त्यांनी साधने बाजूला ठेवून तत्त्व उचलले. मोजायला खडे आले, रंग ओळखायला पाने-फुले आली, आणि मुले शाळेत येत नाहीत तर शाळाच अंगणात आणि गुरे चरतात त्या कुरणात नेली गेली. अंगणवाडी हा आज देशभर रूढ असलेला शब्द त्या कामातून आला. हे घडण्यासाठी त्यांना कोणाची प्रतिनियुक्ती लागली नाही हे खरे. पण त्यांच्यापाशी स्वतःची संस्था आणि प्रयोग फसला तरी चालेल एवढी मोकळीक होती. सरकारी शिक्षकापाशी यांतले काहीच नसते.

दरम्यान, बाहेरची दारेही अरुंद होत आहेत. 2025मध्ये अमेरिकेने अशा कार्यक्रमांचा निधी काही काळ रोखून धरला, आणि जूनमध्ये फुलब्राइटच्या मंडळातील जवळपास सर्व सदस्यांनी प्रशासनाच्या हस्तक्षेपाचा आरोप करीत राजीनामे दिले. परक्याच्या पैशांवर आपल्या शिक्षकांच्या वाढीची योजना आखता येणार नाही, हे यातून दिसले. राज्यांनी स्वतःची तरतूद करावी. जिल्ह्यामागे काही बदली शिक्षक राखून ठेवावेत. अर्जापासून मंजुरीपर्यंतची मुदत ठरवून द्यावी. परतलेल्या शिक्षकाला दोन वर्षे आठवड्यातून एक दिवस जिल्ह्याच्या प्रशिक्षण संस्थेत काम द्यावे आणि त्याचा वर्ग इतरांसाठी उघडा ठेवावा. दिल्लीत मागितलेला लाभाचा हिशेब त्या दोन वर्षांनंतर मागितला, तर उत्तर देता येण्याजोगे असेल.

आणि सुरुवात समुद्रापलीकडेच करायला हवी असेही नाही. ‘एक भारत श्रेष्ठ भारत’ या योजनेत छत्तीसगडची जोडी गुजरातशी आणि महाराष्ट्राची ओडिशाशी लावली आहे. तिच्यातून लोकनृत्ये आणि खाद्यमहोत्सव पुष्कळ झाले. गोंदिया आणि दुर्ग हे तर एकाच लोहमार्गावरचे जिल्हे आहेत. गोंदियाच्या सीमेवरील शाळांत छत्तीसगडी बोलणारी मुले मराठी पुस्तकातून शिकतात आणि दुर्ग-भिलाईच्या शाळांत मराठी घरांतली मुले हिंदीतून. दोन्हीकडच्या शिक्षकांनी सहा-सहा आठवडे एकमेकांच्या वर्गात बसावे, यासाठी ना पारपत्र लागते ना इंग्रजीची परीक्षा. लागतो तो दोन राज्यांच्या शिक्षण विभागांतील एक करार, आणि त्याचा मसुदा येत्या शैक्षणिक वर्षाआधी तयार होऊ शकतो.